हातलाव मॅडम

आमच्या कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेच्या दारावर लाल अक्षरांत पाटी होती: 'चपला बाहेर काढाव्यात. विनापरवानगी कोणत्याही वस्तूस हात लावू नये.' संगणकशास्त्र शिकायला आलेल्या आम्हा साठ जणांना विद्यापीठानं तीन वर्षं दिली होती, आणि हात न लावता संगणक शिकायला तेवढी पुरतात असा विभागाचा अनुभव होता. पहिल्याच तासाला या पाटीखालून एक बाई बूट घालून आत आल्या. सुती ड्रेस, ओढणी पर्समध्ये कोंबलेली, हातात पेचकस. "हात लावा," त्या म्हणाल्या. "कशाला ते विचारू नका. समोर जे असंल त्याला लावा." त्या दिवसापासून त्या हातलाव मॅडम झाल्या. कॉलेजच्या कागदावर त्यांना खरं नाव होतं, पण त्या तासिका तत्त्वावरच्या. म्हणजे जितके तास शिकवाल तितकेच तुम्ही प्राध्यापक, आणि दर वर्षी नव्यानं नेमणूक. अशा माणसाचं नाव लक्षात ठेवण्याची तसदी कुणी घेत नाही.

मी लासूर स्टेशनहून रोज पॅसेंजरनं यायचे. संगणक विषय घेतला की पोरीला पुण्यात नोकरी लागते, असं मार्केट यार्डातल्या कुणीतरी माझ्या वडिलांना सांगितलं होतं. तोवर मी संगणक पाहिला होता तो बँकेत, काचेपलीकडं, आणि त्या दिवशी तोही बंद होता. त्यामुळं प्रयोगशाळेत मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. मॅडमनी हे पाहिलं. अडगळीच्या खोलीतून आणलेला संगणकाचा एक धूळखाऊ डबा त्यांनी माझ्यासमोर ठेवला आणि पेचकस हातात दिला.

"खोल."

"मॅडम, बिघडला तर?"

"बिघडलेलाच आहे. तू अजून काय बिघडवणार? गाव कुठलं तुझं?"

"लासूर स्टेशन."

"मग लासूर, खोल."

मी खोलला. आत माती, एक मेलेलं झुरळ आणि हिरव्या पट्ट्या होत्या. त्यातली एक पट्टी मॅडमनी काढायला लावली आणि तिचे पिवळे दात खोडरबरानं घासायला सांगितले. संगणकशास्त्रातलं माझं पहिलं योगदान म्हणजे अशा रीतीनं खोडरबर चालवणं. पट्टी परत बसवली, बटण दाबलं. डब्यानं एकदा 'टीक' केलं आणि पडदा उजळला. मी इतकी घाबरले की खुर्ची मागं सरकली. मॅडम म्हणाल्या, "घाबरायचं काम नाय. तुझ्याहून तो जास्त घाबरलाय."

नावानं हाक मारणं त्यांना कधी जमलं नाही. ज्याचं जे गाव, तीच त्याची हाक. वर्गात वैजापूर होता, देवगाव होता, आणि शहरातल्यांची वाटणी गारखेडा, बेगमपुरा अशी व्हायची. तास ऐकणाऱ्या परक्या माणसाला ही बाई एसटीचं वेळापत्रक वाचतीय असं वाटलं असतं.

विभागप्रमुखांना आम्ही हेडसर म्हणायचो. त्यांची पद्धत वेगळी, आणि निकालाच्या दृष्टीनं निर्दोष होती. ते फळ्यावर प्रोग्राम लिहीत. फळ्यावरून तो आमच्या वहीत येई, वहीतून प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आणि जर्नलमधून परीक्षेच्या पेपरात. या सगळ्या प्रवासात तो संगणकात कधीच जात नसे, त्यामुळं त्यात चूकही कधी निघत नसे. जर्नलच्या शेवटी निष्कर्ष लिहायचा असे: 'अशा प्रकारे आपण वरील प्रोग्राम यशस्वीरीत्या अभ्यासला.' वैजापूरनं एकदा हा निष्कर्ष प्रयोगाच्या आदल्या दिवशीच लिहून आणला. मॅडमनी जर्नल उघडून पाहिलं आणि प्रेमानं म्हणाल्या, "वैजापूर, तू निष्कर्ष आधी काढतोस. तुला पुढं लई मोठ्या सभागृहात जागा आहे. इथं कशाला बसलास?"

दिवाळीनंतर त्यांनी प्रोजेक्ट करायला सांगितले. तिसऱ्या वर्षी करायची गोष्ट पहिल्या वर्षाला सांगतात म्हणून हेडसरांनी कपाळाला हात लावला, तेवढाच काय तो त्यांनी लावलेला हात. पुढच्या आठवड्यात सगळा वर्ग वरच्या वर्गातल्यांकडून घेतलेले प्रोजेक्ट घेऊन हजर. पाच जणांकडं हॉस्पिटलचं व्यवस्थापन, चार जणांकडं ग्रंथालयाचं.

"कुठलं हॉस्पिटल?" मॅडमनी विचारलं.

"कुठलंही चालंल, मॅडम," देवगाव म्हणाला.

"कुठल्याही हॉस्पिटलात कोण जातं रे? माणूस ठरावीक हॉस्पिटलात ठरावीक डॉक्टरकडं ठरावीक दुखणं घेऊन जातो. घरी जा. आजूबाजूला कुणाला कशाचा ताप आहे ते विचारून या. उत्तर दिलेल्या माणसाचं नाव आणि घर सांगता आलं पाहिजे."

माझ्या गटात मी, वैजापूर आणि गारखेडा. गारखेडा म्हणजे शहरातलीच एक मुलगी, जी अधूनमधून गैरहजर असायची. मॅडमनी कारण विचारलं तर ती म्हणाली, "मॅडम, काल पाणी होतं." आमच्या शहरात हे कारण तापापेक्षा वरचं मानलं जातं. नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं, केव्हा येईल ते येईपर्यंत कळत नाही, आणि आलं की घरातलं एक माणूस शाळा, कॉलेज, कामधंदा सोडून ड्रमपाशी उभं राहतं. मॅडम म्हणाल्या, "हाच तुमचा प्रोजेक्ट. हिच्या गल्लीला पाणी कधी येणार ते आधी सांगून दाखवा."

आम्ही लगेच कामाला लागलो, म्हणजे वर्गात बसलो. गारखेड्याच्या आईनं कॅलेंडरवर पाण्याच्या दिवसांना गोल केलेले होते. त्या गोलांवरून आम्ही एक प्रोग्राम लिहिला. मागचे दिवस द्या, पुढचा दिवस आणि वेळ तो काढून देई. प्रयोगशाळेत तो दहा वेळा चालला, दहाही वेळा बरोबर चालला. आम्ही गल्लीतल्या चाळीस घरांच्या मोबाइलवर निरोप पाठवला: 'गुरुवारी सकाळी अकरा वाजता पाणी येईल.' खाली आम्ही तिघांनी आपापली पूर्ण नावंही लिहिली. श्रेय हुकू नये.

गुरुवारी पाणी आलं नाही. ते शुक्रवारी आलं.

सोमवारी गारखेडा रडवेली होऊन आली. त्यांच्या गल्लीत एक मावशी राहायच्या, एकट्या. औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होत्या. आमच्या निरोपावर विसंबून त्यांनी गुरुवारची पाळी मैत्रिणीला दिली आणि शुक्रवारची घेतली. गुरुवारी त्या दिवसभर नळाकडं बघत बसल्या, आणि शुक्रवारी पाणी आलं तेव्हा त्यांच्या दाराला कुलूप होतं. आता पुढच्या खेपेपर्यंत त्यांचा ड्रम कोरडा. मी मॅडमना समजावून सांगितलं, "मॅडम, आमचा प्रोग्राम बरोबर होता. पाणी चुकलं."

मॅडमनी पर्स उचलली. "चला," एवढंच म्हणाल्या.

त्या आम्हा तिघांना रिक्षानं थेट मावशींच्या दारात घेऊन गेल्या आणि स्वतः मागं उभ्या राहिल्या. बोलायचं आम्ही. मी सुरुवात केली की आमच्याकडं मागची माहिती अपुरी होती. मावशींनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्या म्हणाल्या, "उन्हातून आलात. बसा की. पाणी घेता का?" आणि सवयीनं आत गेल्या. ड्रम तिरपा केल्याचा आवाज आला, मग वाटीनं तळ खरवडल्याचा. त्या तीन पेले भरून घेऊन आल्या. वैजापूरनं पेला हातात घेतला, पण त्याला तो ना पिता येईना ना खाली ठेवता येईना. शेवटी तो म्हणाला, "मावशी, आमचं चुकलं." त्या वर्षातलं त्याचं पहिलं उत्तर, जे त्यानं कुठूनही उतरवलेलं नव्हतं. परत येताना मॅडम म्हणाल्या, "जर्नलमध्ये निष्कर्ष लिहायचा असंल तर आज लिहा." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्कूटरवरून दोन कॅन नेऊन मावशींकडं दिले. ते आम्हाला गारखेड्याकडून कळलं.

मग त्यांनी आम्हाला गल्लीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या चाचांकडं धाडलं. चाचा म्हणजे साठीकडं झुकलेला, उंच, शांत माणूस. खांद्यावर पुरुषभर लोखंडी चावी. एक अख्खी सकाळ आम्ही त्यांच्या सायकलीमागून फिरलो. रस्त्यातलं झाकण काढायचं, चावी खाली सोडायची, मोजून वेढे द्यायचे, पुढं जायचं. आमच्या प्रोग्रामची हकिगत ऐकून चाचा हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

"बेटा, पानी क्यालेंडर देखके नै आता," ते म्हणाले. "उप्पर टाकी भरी तो आता. लाइट गई तो टाकी नै भरती."

"मग टाकी भरली ते तुम्हाला कधी कळतं, चाचा?" मी विचारलं.

"घंटाभर पयले. फोन आता मेरेकू. सब लोगां पूछते, पानी कब आता. तुमकू कब मालूम होता, ये आजतक कोई नै पूछा. आज तुम पूछे."

महिनाभर आम्ही जे गणितानं काढत होतो ते एका माणसाला रोज तासभर आधी ठाऊक असे, आणि तो माणूस रोज आमच्याच रस्त्यानं जात होता.

दुसरा प्रोग्राम त्यामानानं अगदीच गरीब होता. चाचांना फोन आला की त्यांनी आपल्या बटणांच्या मोबाइलवरून एक मिस्ड कॉल द्यायचा. तो घ्यायला एक जुना फोन मी घासून जिवंत केलेल्या डब्याला जोडलेला. मिस्ड कॉल आला की डबा चाळीस घरांना निरोप पाठवणार. पहिल्या दिवशी आमची एक ओळ चुकली आणि चाळीस घरांचे चाळीस निरोप एकट्या चाचांनाच गेले. त्यांचा फोन आला, "बेटा, मालूम है मेरेकू. मैंच खोलरा हूं." मॅडम त्या दिवशी हसून हसून बाकावर बसल्या. चूक मात्र त्यांनी दाखवली नाही. "सापडंल की. पळून जातीय कुठं?" आम्हाला ती शोधायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी निरोप बरोबर घरी गेले, आणि संध्याकाळी मावशींचा गारखेड्याला फोन आला, की भरलं बाई पाणी.

इतकं झाल्यावर विभागाची झोप मोडणं साहजिक होतं. कॉलेजला तपासणी समिती येणार होती. हेडसर सगळ्यांची जर्नलं बघत निघाले तर आमच्या वर्गाची निम्मी कोरी. वर अडगळीच्या खोलीत एक डबा झाकण काढलेल्या अवस्थेत चोवीस तास चालू. त्यांनी मॅडमना बोलावून घेतलं. दार उघडंच होतं, आम्ही बाहेर ऐकत उभे.

"मॅडम, हे चांगलंय. पण हे परीक्षेत येतं का?"

"नाही सर."

"मग?"

"मग परीक्षेचं काहीतरी बघायला पाहिजे, सर."

हेडसरांना हा उद्धटपणा वाटला. मला आजही तो निव्वळ माहितीपर वाटतो.

पण समितीला काहीतरी दाखवायचं होतंच, आणि कोरी जर्नलं दाखवता येत नाहीत. त्यामुळं आदल्या दिवशी हेडसरांना आमच्या प्रोजेक्टबद्दल अचानक माया वाटू लागली. डबा खाली आणला, त्याला झाकण लावलं, झाकणावर झेंडूचा हार घातला. चाचांची चावी मागवून हेडसरांनी ती खांद्यावर घेतली आणि फोटो काढून घेतला. मग आम्हाला सूचना: "मार्गदर्शन कुणाचं असं विचारलं तर विभागाचं नाव घ्यायचं. विभाग म्हणजे कोण, ते तुम्हाला माहितीच आहे. अंतर्गत गुण अजून भरायचेत."

समितीत एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी खरोखर रस घेऊन सगळं विचारलं. चाचांच्या मिस्ड कॉलवर त्या खूश झाल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सुंदर. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे कुणी सुचवलं?"

हेडसर माझ्या उजवीकडं उभे होते. मॅडम दाराशी, हातात पाहुण्यांच्या चहाचा ट्रे. तासिकावाल्यांना अशी कामं सांगायची पद्धत आहे. मला वडिलांनी माझ्यासाठी धरून ठेवलेली पुण्याची नोकरी दिसली, अंतर्गत गुण दिसले, आणि मी म्हणाले, "हेडसरांनी."

बाईंनी लिहून घेतलं. मॅडमनी चहा दिला.

पाहुणे गेल्यावर मी त्यांच्यासमोर गेले. त्या म्हणाल्या, "उत्तर चांगलं पाठ झालं होतं, लासूर." आवाजात राग शोधला तर तो सापडला नाही. मग म्हणाल्या, "आज चाचांचा कॉल आला होता का? हार घातलाय म्हणून डबा बंद नाही ना ठेवलाय?" डबा बंदच होता. गल्लीत पाणी येऊन गेलं होतं.

वर्ष संपलं तसं मॅडमना विभागाचं पत्र मिळालं. 'अभ्यासक्रमाबाहेरील उपक्रमांत विद्यार्थ्यांचा वेळ गेल्यामुळे' पुढच्या वर्षी त्यांची गरज नव्हती. शेवटच्या दिवशी मी पॅसेंजरमध्ये बसून माफीची चार वाक्यं जुळवून आले होते. गेटपाशी त्या स्कूटरवर हेल्मेट चढवत होत्या. मी म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी…" त्यांनी विचारलं, "तुझी गाडी कितीची?" "पाच दहाची." "पाच वाजले. पळ." मी पळाले. गाडी मिळाली, वाक्यं तशीच राहिली. निरोपांचा डबा मात्र पुढं चाचा निवृत्त होईपर्यंत चालला. त्यांच्या जागी आलेल्या माणसाला मिस्ड कॉल देण्यात काही विशेष वाटलं नाही.

पुण्यात मला नोकरी लागली नाही. मी एमएस्सी केलं आणि त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले. माझी गुणवत्ता विभागाला त्या समितीपुढच्या उत्तरातच कळली असावी. मधल्या काळात वरून नवं धोरण आलं आणि पहिल्या वर्षापासून प्रकल्प करून शिकवणं सक्तीचं झालं. कॉलेजनं तत्परतेनं प्रकल्पाधारित अध्ययन कक्ष काढला. 'करून शिकणे' या विषयावर हेडसर दोन तास पडद्याकडं बघून बोलले, आम्ही हाताची घडी घालून ऐकलं, आणि शेवटी त्यावर वस्तुनिष्ठ प्रश्नांची चाचणी झाली. मला विसापैकी अठरा मिळाले.

गेल्या वर्षी कक्षाचं पहिलं प्रदर्शन ठरलं. फाइलसाठी उद्योगक्षेत्रातला तज्ज्ञ पाहुणा हवा होता, आणि नावं सुचवायचं काम माझ्याकडं आलं. मॅडम वाळूजला एका छोट्या कंपनीत पंपांची नियंत्रणयंत्रं बनवतात हे मला माहीत होतं. मी यादीत एकच नाव लिहिलं, हुद्दा आणि कंपनीसह. हेडसरांनी सही केली. हे नाव त्यांनी पूर्वी एका पत्रावर सही करताना वाचलं असणार, पण नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत.

सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. पाहुण्यांचा परिचय हेडसरांनी लिहून दिला होता, दहा ओळी. मी तो कागद घडी करून ठेवला आणि माइकवर सांगितलं, की या बाई इथंच शिकवत होत्या, कोऱ्या जर्नलांसाठी त्यांना इथून काढलं, आणि ज्या पाणी-प्रोजेक्टचा फोटो कॉलेजच्या माहितीपुस्तिकेवर छापतात तो त्यांनी करवून घेतलेला आहे. समितीनं विचारलं तेव्हा मी खोटं बोलले होते, हेही सांगितलं. हेडसरांनी माझ्याकडं पाहिलं; पुढच्या वर्षीच्या माझ्या तासिकांचा निर्णय त्या नजरेत टाइप होऊन आला होता. मी स्टेजवरच्या खुर्च्यांकडं वळले. प्रमुख पाहुण्यांची खुर्ची रिकामी होती.

प्राचार्यांनी खुणेनं मला शोधायला पाठवलं. मॅडम शेजारच्या हॉलमध्ये, प्रदर्शनाच्या शेवटच्या टेबलाखाली, फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या. केस पांढरे झालेले. शेजारी पहिल्या वर्षाची एक मुलगी, जिचा प्रोजेक्ट उद्घाटनाआधीच बंद पडला होता. मुलीच्या हातात दोन वायरी होत्या आणि डोळ्यांत पाणी.

"मॅडम, स्टेजवर वाट बघतायत. तुमचा सत्कार आहे," मी वाकून म्हणाले. "मी आत्ता माइकवर… तुम्ही ऐकलंत का?"

"ते तू बोलत होतीस व्हय? एक शब्द कळला नाय. स्पीकर लई फाटतोय तुमचा." त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावून माझ्या हातात दिला. "बस खाली. इकडं धर उजेड. हिला दिसत नाहीये."

स्टेजवरून प्राचार्यांनी पाहुण्यांचं नाव दोनदा पुकारलं. मी साडीसकट फरशीवर बसले आणि त्या मुलीच्या हातांवर उजेड धरला.